‘हँडब्रेक ओढला होता, सर’

‘हँडब्रेक ओढला होता, सर.’ हे वाक्य सकाळपासून तू मला चार वेळा ऐकवलंस. पाचव्यांदा ऐकवू नकोस. ओढला होतास, मला मान्य आहे. तरीही जीप जॅकवरून घसरली. तुझा मावसभाऊ पान्हा आणायला दोनच मिनिटं आधी खालून बाहेर सरकला होता. तो सरकला नसता, तर आत्ता आपण या अंगणात उभे नसतो, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो असतो. तुझी मावशी तुझ्याकडे बघत असती आणि तू तिलाही हेच सांगत असतास, की हँडब्रेक ओढला होता.

आता तोंड बंद ठेव आणि कान उघडे. बाकीच्या तिघांनी मोबाइल खिशात टाका. काल पहार घालून चाक धरणारा तुमच्यातलाच एक होता.

ही तुझ्या आजोबांची जीप सीजे-थ्री-बी आहे. हिचा हँडब्रेक चाकांवर नाहीच. ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी एक छोटा ड्रम आहे. तू दांडा ओढतोस तेव्हा तो ड्रम धरला जातो, म्हणजे शाफ्ट अडतो. चाकं अडतात ती शाफ्ट आणि डिफरन्शियलच्या मार्फत, आणि तीही दोन्ही चाकं जमिनीवर टेकलेली असतील तोवरच. एक मागचं चाक उचललंस की सगळं मोकळं. जमिनीवरचं चाक मागे फिरतं, हवेतलं तेवढंच पुढे फिरतं, आणि मधला शाफ्ट तसूभरही हलत नाही. तुझा हँडब्रेक इमानानं शाफ्ट धरून बसला होता आणि जीप उतारावरून निघाली होती. गिअरमध्येही ठेवली होती म्हणतोस? गिअर तोच शाफ्ट धरतो. दोन कुलपं लावलीस, पण एकाच दाराला.

म्हणून चाकाखाली ओंडका लावायचा असतो. पुढे एक, मागे एक, जे चाक जमिनीवर आहे त्याला. ओंडका लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही आणि घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही. आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात मी हे फळ्यावर लिहिलं होतं, तू वहीत उतरवून घेतलं होतंस. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्यातलं एक रबरी सील गेलं की जॅक बसतो, आणि बसण्याआधी तो कुणाला हाक मारत नाही. घोड्यांची जोडी तू ज्या दिव्यांवर पैसे उधळलेस त्यातल्या एका दिव्यापेक्षा स्वस्त पडली असती.

आता जीप हललीच का, तेही ऐक. डावं मागचं चाक हवेत घेऊन तू नट सोडवायला बसलास. नट सुटेना, चाकच फिरायला लागलं. चाक का फिरतंय, हा प्रश्न त्या क्षणी तुला पडायला हवा होता. हँडब्रेक ओढलेल्या गाडीचं चाक हातानं फिरतंय, एवढी स्पष्ट सूचना गाडी तुला देत होती. तुम्ही त्यात पहार घातलीत. मग पान्ह्याला चार फुटी पाइप लावून तू त्यावर उभा राहिलास. दोन स्टड तुटले, तिसऱ्या झटक्याला जीप निघाली.

या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. चाकाच्या फिरण्यानं नट आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून हिच्या मूळ निर्मात्यांनी, विलीजवाल्यांनी, ते तसे केले. उजवीकडे नट डावीकडे फिरवून सुटतो, डावीकडे तो उजवीकडे फिरवून सुटतो. म्हणजे पाइपवर उभा राहून तू नट सोडवत नव्हतास, जीव खाऊन आवळत होतास. स्टडच्या तोंडावरचा चिखल फडक्यानं पुसला असतास तर कोरलेलं ‘एल’ अक्षर दिसलं असतं. आणि नट सरळ आट्याचा असो वा उलट्या आट्याचा, चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा, मग गाडी उचलायची. हे पंक्चर काढणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

तू मठ्ठ असतास तर मी इतका ओरडलो नसतो. तुझा हात चांगला आहे. कार्ब्युरेटर तू माझ्यासमोर न चुकता उघडून बसवला होतास. पण चांगला हात आणि बेपर्वाई एका माणसात आली की तो अडाण्यापेक्षा जास्त घातक असतो. लोक चांगल्या हातावर विश्वास टाकतात. तुझ्या मावसभावानं टाकला होता.

ही गाडी काय आहे ते तरी तुला कळलंय का? हिची आजी विलीज एमबी, दुसऱ्या महायुद्धातली. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून तसल्या सहा लाखांहून अधिक गाड्या युद्धासाठी बनवल्या. रणात, चिखलात, मोजक्या हत्यारांनी शिपायाला दुरुस्त करता यावी, अशी तिची रचना होती. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत सीजे-थ्री-बी आली. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. तुझे मित्र ज्या उंच नाकाचे फोटो काढतात ते नाक त्या व्हॉल्व्हमुळे आलंय. महिंद्रांनी तीच जीप आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली, म्हणून ती कोकणातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. तुझ्या आजोबांनी हिच्यातून आंब्याच्या पेट्या नेल्या, अडलेल्या बायका दवाखान्यात पोहोचवल्या. ही जीप घरच्या अंगणात दुरुस्त होऊ शकते, हा तिचा मोठेपणा आहे. पण ती घरी दुरुस्त होते ती पुस्तक वाचणाऱ्याकडून. तिचं मॅन्युअल मी तुला दिवाळीत दिलं. मघाशी पाहिलं, त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

आता तू पैसे कशावर घातलेस ते बघू. ३३ इंची टायर, लांब शॅकल, बॉनेटवर चार दिवे, मागे रोल केज, पुढे लोखंडी बंपर. आणि मागच्या उजव्या चाकाच्या आतून ब्रेक ऑइल गळतंय, पावसाळ्यापासून. तुला माहीत होतं. मावसभाऊ तेच बघायला खाली गेला होता.

या जीपचा ब्रेक एकाच सर्किटचा आहे. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या झाकणाखाली, आणि तिथून एकच लाइन चारही चाकांना. आजच्या गाडीत एक लाइन फुटली तर दुसरी दोन चाकं तरी धरते. हिच्यात एक व्हील सिलिंडर गेला की पेडल थेट फरशीला. ड्रम मूळचे ९ इंची, बूस्टर नाही, सगळा जोर तुझ्या पायाचा. आणि हे घेऊन पुढच्या रविवारी सहा जणांना बसवून तू कुंभार्ली घाट चढणार होतास. चढणं सोपं आहे रे. उतरणार कसा होतास?

गळती थांबवायला तू काय केलंस तेही मला कळलं. सिलिंडर उघडलास, रबरी कप डिझेलमध्ये धुतलेस आणि परत बसवलेस. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, यातलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, कामातून जातं. ते ब्रेक ऑइलनंच धुवायचं, आणि खरं तर धुवायचंच नाही, उघडलं की नवं किट टाकायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-थ्रीचं सीलबंद तेल २०५ अंशांच्या पुढे उकळतं. पाणी मुरलेलं असेल तर प्रमाण म्हणून धरलेली किमान मर्यादा फक्त १४० अंशांची आहे. घाटात ड्रम तापले की लाइनमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल मऊ लागतं, आणि मग लागतच नाही. चिपळूणच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, ते यासाठी. तुझ्या बाटलीतलं तेल काळं झालंय आणि बाटलीला झाकण नाही.

आता त्या टायरांकडे ये. मूळ टायर ६.००-१६, उंची सुमारे २९ इंच. तू ३३ घातलेस. भागाकार कर, इथंच, मातीत काडीनं. १४ टक्के वाढ. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते, टायर बदलल्याचं तिला कोण सांगणार? काटा ६० दाखवेल तेव्हा तू ६८ वर असशील. वेग १४ टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. शिवाय चाकाची त्रिज्या वाढली, म्हणून त्याच ड्रमची जमिनीवरची पकड तेवढीच कमी. इंजिनचा ब्रेकही तितकाच कमजोर, कारण गिअर लांबला. म्हणजे तू एका बाजूनं काम वाढवलंस आणि दुसऱ्या बाजूनं ते करणाऱ्याची ताकद काढून घेतलीस. ९ इंचांच्या ड्रमनी हे सगळं कशाच्या जोरावर सांभाळायचं?

टायर मडगार्डला घासू नये म्हणून तू शॅकल लांब केलेस. या जीपमध्ये पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे वळण संपल्यावर स्टेअरिंगला आपोआप सरळ आणणारा कोन. तो गेला की जीप रस्त्यावर भटकते. त्यात हिच्या किंगपिनची बेअरिंगं सैल, बेल क्रँक झिजलेला, टाय रॉडचे सांधे खडखडतायत. मग ५० च्या वेगाला एका खड्ड्यानं पुढची चाकं थरथरायला लागतात आणि हातातलं स्टेअरिंग सुटतं. तुझ्या जीपला तो थरकाप आहेच, मी गल्लीत चालवून पाहिली. तू स्टेअरिंग डँपर लावून तो झाकणार होतास. रोग तसाच ठेवून कण्हणं बंद करण्याचा हा प्रकार झाला. किंगपिनच्या शिम कमी कर, सांधे बदल, शॅकल मूळचे लाव, थरकाप जाईल.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे रात्री मला झोप लागली नाही. रोल केजचा पाय तू ड्रायव्हरच्या सीटशेजारी वेल्डिंग करून बसवलास. या जीपची पेट्रोलची टाकी कुठे असते? बोल. सीटखाली. ड्रायव्हरच्या बरोबर खाली. ‘टाकी रिकामी होती, सर.’ रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, गाढवा. भरलेल्या टाकीत पेट्रोल असतं, रिकामीत पेट्रोलची वाफ आणि हवा असते, आणि स्फोट त्या मिश्रणाचा होतो. वेल्डिंगच्या आधी टाकी काढून लांब ठेवायची, बॅटरीची वायर सोडायची, बादलीभर वाळू आणि अग्निशामक जवळ घ्यायचा. तू यातलं काही केलं नाहीस आणि वाचलास. वाचलास म्हणून ते बरोबर होतं असं समजू नकोस. शिवाय तो केज तू पातळ पत्र्याला जोडलायस, चेसिसला नाही. जीप उलटली तर पत्रा फाडून पाइप आत येईल. जे माणसांना वाचवण्यासाठी बसवलंस तेच त्यांच्या डोक्यावर येईल.

दिव्यांबद्दल थोडक्यात. चार दिवे, प्रत्येकी ५५ वॅट, २२० वॅट. बारा व्होल्टनी भाग, १८ अँपिअरच्या वर. हे सगळं तू जुन्या हेडलाइटच्या स्विचमधून नेलंस, ना रिले, ना फ्यूज. वायर गरम होते हे तुला हाताला कळलं होतं, तू वर टेप गुंडाळलीस. टेप काढ. आज, माझ्यासमोर.

पान्ह्यांबद्दलही. या जीपचे बोल्ट इंचाचे आहेत, सुताचे. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. तू त्यावर तेराचा पान्हा लावतोस. बसल्यासारखा वाटतो, जोर आला की डोकं गोल होतं. आणि जिथे मूळचा नट हरवला तिथे मिलिमीटरचा नट दामटून आटे मारलेस. पाट्यांच्या यू बोल्टवर मला तसले दोन दिसले. एक्सल त्या यू बोल्टांनी गाडीला धरलाय, हे तरी लक्षात घे.

गुहागरच्या किनाऱ्यावर जीप लाटांत घालून व्हिडिओ केलास, तो सगळ्या गावानं पाहिला. नंतर काय केलंस? वरून पाणी मारलंस. मीठ खाली असतं, चेसिसच्या पोकळीत, पाट्यांच्या पानांमध्ये, ब्रेकच्या लायनींवर. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या एक्सलच्या टोकाच्या गोल वाटीतही तेच. डिफरन्शियलचा प्लग सोडून बघ, तेल दुधासारखं पांढरं झालेलं असेल. पाण्यातून आल्यावर तेल तपासायचं, बेअरिंग धुऊन ग्रीस भरायचं, ब्रेक हलके दाबत चालवून ड्रम वाळवायचे. हे काम गलिच्छ आहे आणि त्याचा व्हिडिओ होत नाही. म्हणून तू ते केलं नाहीस. पण जुन्या गाडीचं प्रेम म्हणतात ते नेमकं हेच काम आहे.

‘माझी गाडी, माझे पैसे,’ असं मागे कोण पुटपुटलं? रस्ता तुझा आहे? समोरून येणारी एसटी तुझी आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की निर्मात्यानं ठरवलेल्या आणि नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. बंपरवरच्या त्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करून घ्यायला जीप आरटीओत उभी करावी लागेल तेव्हा हे सगळं उतरवावं लागणारच आहे. पण दंडाच्या भीतीनं शहाणा होऊ नकोस. कायदा नसता तरी मी हेच बोललो असतो.

जीप बदलूच नये, असं मी म्हणत नाही. चांगले बदल असतात. जुन्या मास्टर सिलिंडरच्या जागी दुहेरी सर्किटचा बसवणं हा चांगला बदल, आधी आरटीओला विचारून. पण एक नियम मनात कोरून ठेव. जे तुला उघडून जसंच्या तसं परत बसवता येत नाही, ते बदलायचा तुला हक्क नाही. आणि क्रम ठरलेला आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, मग चढली पाहिजे. तू शेवटून सुरुवात केलीस.

तुझी एकच गोष्ट मला बरी दिसली. काढलेले सगळे मूळ भाग तू खोक्यात, तेल लावून, चिठ्ठ्या लावून ठेवलेस. पाच टायर, शॅकल, जुना बंपर, सगळं. ती चिठ्ठी लावणारा पोरगा मला हवाय. पाइपवर उभा राहणारा नको.

आता काम. जीपची चावी तुझ्या आईनं माझ्याकडे दिली आहे आणि ती माझ्याकडेच राहील. या आठवड्यात मूळ टायर आणि शॅकल परत. चारही व्हील सिलिंडरना नवी किटं, मास्टरलाही, सगळ्या लायनी तपासून, तेल नवं. ब्रेकची हवा काढायला पेडलवर मावसभाऊ बसेल, आणि खाली तू. त्यानं तुझ्यावर विश्वास टाकला होता, आता तू त्याच्यावर टाक. हबची बेअरिंगं चाक फिरवत घट्ट करायची, चाक अडकलं की नट एक षष्ठांश फेरा मागे. अंदाजानं नाही, मोजून. तुटलेले दोन स्टड नवे, आटे उलटे, हे दुकानदाराला सांगून. केज आणि दिवे उतरतील. मग मैदानावर ३० च्या वेगाला ब्रेक मारायचा, हात स्टेअरिंगवर नुसता टेकवून. जीप सरळ रेषेत थांबली तर चावीबद्दल बोलू. बाजूला ओढली तर पुन्हा ड्रम उघडायचे, कितीही वेळा.

आणि मॅन्युअल. रोज एक प्रकरण, संध्याकाळी मला म्हणून दाखवायचं. बाकीच्या तिघांनीही.

रडू नकोस. डोळे पूस, हात धू. तो ओंडका आण, त्या कोपऱ्यातला मोठा. दुसराही. लाव. पुढून लाव, आता मागून. पायानं दाबून बघ, हलतो का ते. परत दाब. आता घोडी.